मातीचा वास कमी असला तरी चालेल

गावाकडचा माणूस लिहायला लागला की पुण्याहून त्याला पहिला सल्ला येतो तो मातीच्या वासाचा. ‘छान जमलंय, पण अजून थोडा मातीचा वास येऊ द्या.’ सल्ला देणारी माणसं मनाने चांगली असतात, वेळ काढून वाचतात, कधी कधी चहाही पाजतात. पण आमच्या किकवीत पुणे-सातारा हायवेच्या कडेला उभं राहिलं तर वास येतो डिझेलचा, पाऊस पडून गेला असेल तर ओल्या डांबराचा आणि संध्याकाळी वडे तळण्याच्या तेलाचा. माती आहे की! भात आहे, ज्वारी आहे, बांध आहेत आणि बांधावरून चाललेली भांडणंही आहेत. फक्त त्या मातीचा वास आम्हाला येत नाही, कारण आम्ही तिच्यातच वावरतो. तो वास पाहुण्याला येतो.

मी एसटीत कंडक्टर होतो. भोर-स्वारगेट हा रस्ता माझ्या बऱ्याचशा नोकरीचा. आता निवृत्त आहे आणि बसमध्ये पाहिलेल्या माणसांविषयी लिहितो. गावातली आणि आसपासच्या वाड्यांमधली आणखी काही जणं लिहितात. शिरवळकडच्या कंपनीत पाळी करणारा एक मुलगा आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई आहेत, शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत, भजनं रचणारे एक शेतकरी आप्पा आहेत. कधी कुणाच्या पडवीत, कधी देवळाच्या सभामंडपात जमतो. मंडळाला नाव नाही, अध्यक्ष नाही, त्यामुळे भांडणंही फक्त लिखाणावरूनच होतात.

‘स्वतःची शैली शोधा’ असं लेखन-कार्यशाळांत सांगतात. शोधायला ती हरवली आहे कुठे? चार माणसांत बोलताना ती ज्याच्या त्याच्या तोंडात असतेच. कागद पुढे आला की तिच्या अंगावर दुसऱ्याचे कपडे चढतात. लिहिणाऱ्याला ते दिसत नाहीत, ऐकणाऱ्याला लगेच दिसतात. लिहिणारे एकमेकांच्या काय उपयोगाला येऊ शकतात, तर एवढ्याच: हे तुझं नाही, एवढं सांगायला. त्याच्या पुढे जाऊन ‘मग असं लिही’ म्हणणाऱ्याने आपले कपडे काढून दिले, इतकंच होतं.

कंपनीतल्या मुलाने एकदा कथा आणली. बाप लेकाला शेतावर बोलावतो, असा प्रसंग. बापाच्या तोंडी पानभर ‘आरं लेकरा, ह्यो पाऊस लय वंगाळ हाय बग’ अशी वाक्यं. वाचून झाल्यावर ताईंनी विचारलं, “तुझे वडील असं बोलतात का रे?”

“नाही. पण गावातली गोष्ट आहे ना, ताई.”

“मग ते बोलतात कसं?”

पोरगा हसायलाच लागला. वडील टेम्पो चालवतात. फोनवर म्हणतात, “ओके. खेड शिवापूरच्या टोलला आहे. लाइन मोठीये. तू मोटर बंद कर.”

पुढच्या खेपेला कथा आली ती त्या फोनवरची. मोटर बंद करायची राहून जाते आणि रात्रभर पाणी शेजाऱ्याच्या वावरात जातं, एवढीच गोष्ट. पण बाप दिसला. त्याचा राग ‘ओके’ आणि ‘लाइन मोठीये’ यांच्या मधल्या जागेत होता. ताईंनी त्याला ना शब्द सुचवला ना प्रसंग. एक प्रश्न विचारला आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

हा ‘वंगाळ’ बाप आला कुठून, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. आमच्या पिढीने शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांचं कथाकथन तोंडाचा आ करून ऐकलं आहे. ‘माणदेशी माणसं’ 1949 सालचं पुस्तक. तेव्हापासून मराठीत गावचा माणूस कसा बोलतो याचा एक साचा पडत गेला. त्यात त्या तिघांचा दोष नाही. उलट गंमत अशी की हे तिघं वर्षानुवर्षं एकाच मंचावर बसून कथा सांगायचे, एकमेकांच्या कथा पुन्हा पुन्हा ऐकायचे, तरी मिरासदारांची भोकरवाडी कधी माणदेशात जाऊन बसली नाही आणि पाटलांचं कोल्हापुरी बोलणं कधी माडगूळकरांच्या तोंडी आलं नाही. शेजारी बसून ऐकल्याने शैली बिघडते म्हणणाऱ्यांनी या तिघांकडे पाहावं. बिघडली ती नंतर लांबून उचलणाऱ्यांची. आज कुणी त्यांची भाषा जशीच्या तशी किकवीतल्या बापाच्या तोंडी घातली, तर ते कुसुमाग्रजांची भाषा उचलण्याइतकंच उसनं आहे. फरक एवढाच, की कुसुमाग्रजांची उचल पकडली जाते आणि ‘ग्रामीण’ उचलीला पाठीवर थाप मिळते.

या उचलेगिरीला जुनं नाव आहे. भोरहून वरंधा घाट उतरलं की शिवथरघळ लागते. दासबोध तिथे लिहिला गेला, असं मानतात. त्याच्या चौदाव्या दशकात कवित्वावर एक समास आहे. समर्थांनी कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे प्रकार सांगितले आहेत. मनात येईल ते बळंच रचत सुटतो तो धीट. पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांच्यासारखाच उतारा काढतो तो पाठ. तिसऱ्या प्रकाराला त्यांनी भक्ती-वैराग्याच्या अशा अटी घातल्या आहेत की आमच्यासारख्या पेन्शनीच्या तारखेकडे डोळे लावून बसलेल्यांनी तिकडे पाहूच नये. पहिल्या दोघांची मात्र दर बैठकीत गाठ पडते. आप्पांची भजनं ऐकताना आम्ही आता सरळ म्हणतो, “आप्पा, हे पाठ आलं.” आप्पा रागावत नाहीत, समर्थांचं नाव घेतल्यावर रागावणार कुणावर?

तरी समर्थांचं हे वर्गीकरण मला पुरतं पटत नाही, आणि त्याचं कारण आमच्याच डोंगरातल्या बायका आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह लाखाच्या वर गेला. त्या वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. ओवीचा पहिला भाग बऱ्याचदा तोच तो असतो. दळणाची, सुपाची, सोन्याच्या कशाची तरी ठरीव सुरुवात शेकडो बायकांच्या तोंडी असते, म्हणजे समर्थांच्या हिशेबाने ती ‘पाठ’च झाली. पण त्या उसन्या ओळीवर पाय ठेवून बाई पुढच्या भागात स्वतःचं सांगते. माहेरच्या वाटेचं, दारुड्या नवऱ्याचं, लेकीला दिलेल्या गावचं. जात्याचा खुंटा धरून समोर दुसरी बसलेली असते. ती सूर धरते, आपली ओवी जोडते. कुणी कुणाला ‘शैली’ शिकवली नाही, पण हजार ओव्यांमधून एखादी बाई ओळखू येते. म्हणून उसनं घेण्याला माझी ना नाही. उसनं घेऊन तिथेच थांबलात की ऐकणाऱ्याने टोकायला हवं.

आता शहरातल्या मंडळांकडे येतो. पुण्यात 1923 साली रविकिरण मंडळ स्थापन झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे, असे कवी रविवारी जमायचे, चहा व्हायचा, कविता वाचल्या जायच्या. त्यांच्यामुळे मराठी कविता गावोगावच्या श्रोत्यांपर्यंत गेली, हे त्यांचं काम मोठंच. पण एकमेकांच्या कविता आवडायला लागल्या की त्या हळूहळू एकमेकांसारख्या व्हायला लागतात. ते दिसलं सासवडच्या माणसाला. आमच्या कापूरहोळहून नारायणपूरवरून सासवडला रस्ता जातो, म्हणजे शेजारचाच म्हणायचा. आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने 1925 मध्ये ‘झेंडूची फुले’ काढलं आणि त्या काळच्या कवींच्या लकबी अशा उचलून दाखवल्या की लोक अजून हसतात. विडंबन हा अभिप्रायाचा सगळ्यात निर्दय प्रकार आहे आणि माझ्या मते सगळ्यात खराही. ज्याचं विडंबन होऊ शकतं त्याची शैली घडली आहे, हे नक्की. बहुधा ती गोठायलाही लागलेली असते. आमच्यात बाईंनी एकदा माझ्या लिखाणाचं विडंबन वाचून दाखवलं. दर तिसऱ्या वाक्याला ‘पुढे चला, पुढे चला’. सगळे पोट धरून हसले, मीसुद्धा.

याच्या दुसऱ्या टोकाला विजय तेंडुलकर आहेत. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह 1972 मध्ये आला. त्याला प्रस्तावना तेंडुलकरांची. तेव्हा तेंडुलकरांचं नाव केवढं मोठं होतं! ‘बाबा रे, हे शब्द वाचकाला कळणार नाहीत, सोपे कर’ असं ते सांगू शकले असते आणि नव्या कवीने कदाचित ऐकलंही असतं. तेंडुलकरांनी आपल्याला शब्द कळत नाहीत हे मान्य केलं, अर्थ विचारले, ते शब्द जिथून आले ती वस्ती पाहायला गेले. पुस्तकात शब्द ढसाळांचेच राहिले. मला कुणी विचारलं की चांगला अभिप्राय म्हणजे काय, तर मी ही प्रस्तावना वाचायला सांगेन. न कळणं हा वाचकाचाही प्रश्न असू शकतो, हे मोठ्या माणसाने कबूल करणं फार दुर्मीळ.

दुरुस्ती करूच नये, असं मात्र माझं म्हणणं नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर ते लाल शाईने दुरुस्त करावं, त्यात कुणाचा आत्मा दुखावत नाही. गझल लिहायची तर वृत्त, काफिया, रदीफ सांभाळायलाच हवेत. सुरेश भटांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली ती त्याचसाठी. आप्पा लावणीच्या दिवसांचं वर्णन करतात तेव्हा कंपनीतला मुलगा गप्प बसतो, पण बाईंच्या कथेत चिखलणीआधीच रोपं लावली गेली तेव्हा आप्पा ताडकन म्हणाले, “बाई, रोपं उभी राहतील का?” ही दुरुस्ती हवीच. खुंट्याला बांधायच्या गोष्टी बांधाव्यात. मात्र वाक्याची चाल, थांबण्याची जागा, कुठला शब्द आधी यावा, इथे दुसऱ्याने पेन उचललं की संपलं.

गावात अभिप्राय देण्याची एक खास अडचण आहे, ती शहरातल्यांना ठाऊक नसते. इथे प्रत्येक पात्राचा पत्ता ऐकणाऱ्याला माहीत असतो. ‘हे आमच्या चुलत्यावर लिहिलंय’ म्हणून एकदा बैठक मोडली होती. म्हणून आता पात्र कोण, हे विचारायचं नाही, एवढं ठरवून टाकलं आहे. दुसरी अडचण ‘छान’ची. रोज तोंड बघायचं असतं, लग्नाला जायचं असतं, मग कोण कशाला वाईट म्हणेल? त्यावर उपाय म्हणून आम्ही मत विचारणंच बंद केलं. ऐकणाऱ्याने फक्त एवढं सांगायचं, की मी कुठे सुटलो. ‘विहिरीपर्यंत होतो, मग सुटलो.’ याला धीर लागत नाही, कारण हा निकाल नसतो, स्वतःबद्दलची माहिती असते. लिहिणाऱ्याला मात्र ती पुरते.

हे मी बसमध्ये शिकलो. कापूरहोळला चढलेली बाई शेजारणीला सुनेची गोष्ट सांगायला लागते. शेजारीण खिडकीबाहेर पाहू लागली की सांगणारी लगेच मधला भाग गाळते, आवाज खाली आणते, ‘आणि मग काय झालं ठाऊक?’ म्हणून पुन्हा ओढून घेते. कात्रजचा बोगदा यायच्या आत गोष्ट शेवटाला गेलेली असते. तिला कुणी कार्यशाळेत नेलं नव्हतं. समोरच्याचा चेहरा तिच्यासमोर होता. आमच्यासारखे कागदावर लिहिणारे त्या चेहऱ्याला मुकतात. पूर्वी संपादकाचं पत्र तरी यायचं. ‘सत्यकथा’च्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून पुनर्लेखन करायला लावत. त्यातूनही पुढे एका घराण्याची चव तयार झाली आणि 1969 मध्ये तरुणांनी ‘सत्यकथा’ जाळली, हेही खरं. पण रागवायला तरी कुणी होतं. आज बहुतेक ठिकाणांहून ‘साभार परत’सुद्धा येत नाही.

म्हणून माझं मागणं संपादकांकडे नाही, गावच्या वाचनालयांकडे आहे. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात अ, ब, क, ड अशा वर्गांची वाचनालयं उभी राहिली. ‘ड’ वर्गातलं एखादं वाचनालय म्हणजे एक खोली, दोन कपाटं, वर्तमानपत्रांचं टेबल. तेवढं पुरे आहे. महिन्यातून एक संध्याकाळ त्या टेबलावरची वर्तमानपत्रं बाजूला करा आणि गावात जे कुणी लिहितात त्यांना बसू द्या. प्रमुख पाहुणे नकोत, शाल-नारळ नको, फोटो तर नकोच, कारण फोटोसाठी येणारा ऐकायला थांबत नाही. शहरातल्या एखाद्या लेखकाला बोलवायचंच असेल तर भाषणाला बोलवू नका. आमच्यात बसून शेवटपर्यंत ऐकायला बोलवा आणि कुठे सुटला तेवढं सांगून जाऊ द्या. वेळ साडेसातनंतरची ठेवा. तोवर धारा काढून झालेल्या असतात आणि शिरवळहून परतणारी पोरंही पोचलेली असतात.