‘असर’ म्हणण्याआधी

माझं माहेर नांदुऱ्याचं. गेल्या महिन्यात चुलत भावाच्या मुलीच्या लग्नासाठी तिथं चार दिवस राहून आले. जेवणं आटोपल्यावर मोहल्ल्यातली एक ओळखीची सून बायकांच्या बैठकीत माझ्याजवळ येऊन बसली. सोबत बारा वर्षांचा मुलगा. “आपांना सलाम कर,” ती म्हणाली. त्यानं सलाम केला, मी कोण हे आठवायचा प्रयत्न केला, आठवलं नाही म्हणून हसला आणि बाहेर पोरांमध्ये पळाला. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. म्हणाली, “विसरतो अजून. पण पळतो, आपा.”

त्या मुलाची हकीकत तिच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं लिहीत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा चौथीत, अभ्यासात बरा, कुराण पढायला रोज जाणारा. आधी चार दिवस ताप आणि डोकेदुखी झाली. ताप उतरला, पण झोप गेली. रात्रभर जागा राहायचा, मधेच हसायचा, दरवाजामागं कोणी उभं आहे म्हणून आईला बिलगायचा. आठवड्याभरात बोलणं कमी होत होत थांबलं. तोंड मात्र चघळल्यासारखं सारखं हलत राही. दादी म्हणाली, मगरिबच्या वेळी चिंचेखाली खेळत होता, असर झाला. घरात दुसरा विचार कोणाच्याच मनात आला नाही. दम केलेलं पाणी झालं, ताबीज झालं. मग कोणीतरी सैलानीला न्या म्हणालं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला सैलानी काय आहे हे सांगायला नको. पिंपळगाव सराईजवळचा सैलानीबाबांचा दर्गा. होळीच्या वेळची यात्रा, नारळांची होळी, आणि वर्षभर दूरदूरच्या जिल्ह्यांतून येऊन राहणारी कुटुंबं. त्यांत मुसलमानही असतात आणि हिंदूही. कित्येकांच्या सोबत घरातलं एक ‘बिघडलेलं’ माणूस असतं. मी त्या कुटुंबांना हसणार नाही. जिथं मनाच्या आजाराचा डॉक्टर कुठं बसतो हेच माहीत नाही, तिथं माणसं जिथं दार उघडं दिसतं तिथं जातात. शिवाय दर्ग्यावर तुमच्या मुलाला कोणी वेडा म्हणत नाही. हा दिलासाही लहान नाही.

तर हेही गेले. मुलाचे वडील जिनिंगमध्ये कामाला, हंगामाचे दिवस, तरी सुटी टाकून गेले. चाळीस दिवस राहायचं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी मुलाला झटका आला. बाजूच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन कित्येक वर्षांपासून राहत होते. त्यांनी विचारलं, “आधी ताप आला होता का?” हो म्हटल्यावर ते म्हणाले, “मग याला इथं ठेवू नका. माझ्या पोरीच्या वेळी मला हे कोणी सांगितलं नाही.”

तिथून एका तालुक्याच्या गावी खासगी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं, मानसिक आहे म्हणाले, झोपेची औषधं दिली. त्यात अकरा दिवस गेले. मुलगा झोपेत राही, उठला की हातपाय ताठ. शेवटी वडिलांनी उसने पैसे घेतले आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आईला एकच प्रश्न विचारला: “पहिला बदल कोणत्या तारखेला दिसला?”

आणि आईकडे उत्तर होतं! भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती दुधाचा हिशेब लिहायची. त्याच चौकटींमध्ये तिनं त्या दिवसांत ‘ताप’, ‘झोपला नाही’, ‘बोलला नाही’, ‘तोंड हलवतो’ असं लिहून ठेवलं होतं. का लिहिलं ते तिलाही सांगता येत नाही. वडिलांनी ते पान फाडून खिशात आणलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि सांगितलं, पाठीतलं पाणी तपासावं लागेल.

इथं घर पुन्हा अडलं. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो, असं आपल्याकडे पक्कं बसलं आहे. खरं असं की कमरेच्या खालच्या भागात, जिथं मज्जारज्जू संपलेला असतो तिथं, बारीक सुईनं थोडंसं पाणी घेतात. दोनचार दिवस डोकं दुखू शकतं. लुळेपणाची जी उदाहरणं आपण ऐकतो, त्यांत बहुधा मूळ आजारच तो असतो. भीतीपोटी नाही म्हणून रुग्णाला घरी नेणारी माणसं मीही पाहिली आहेत. या आईनं सासूला न विचारता अंगठा... नव्हे, सही केली. ती दहावी पास आहे, आणि त्या सहीचं तिला अजून बोलणं खावं लागतं.

निदान झालं ते असं: शरीराची जी ताकद जंतूंशी लढते, तीच चुकून स्वतःच्या मेंदूवर उलटली होती. या आजाराला अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस म्हणतात. २००७ मध्ये डॉ. जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ओळखून मांडला. त्याआधी असे रुग्ण वेडे ठरत किंवा मरून जात. झोप उडणं, भास, भीती, बोलणं बंद, तोंडाच्या विचित्र हालचाली, झटके ही सगळी त्याची लक्षणं. आपल्या मोहल्ल्यात यातलं एकेक लक्षण जिन्नाच्या खात्यावर लिहिलं जातं. उपचार आहेत: स्टेरॉइड, शिरेतून द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्या, रक्तातला द्रव बदलणं. लवकर सुरू झाले तर बहुतेक रुग्ण बरेच सुधारतात, पण त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात.

आपल्यासारख्यांचंच असं होतं असं समजू नका. २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रात काम करणाऱ्या २४ वर्षांच्या सुझाना कॅहलन या तरुणीलाही हाच आजार झाला. तिथल्या डॉक्टरांनीही आधी दारू आणि मानसिक ताण यांवर बोट ठेवलं. मूळचे सिरियाचे असलेले डॉ. सुहेल नज्जार यांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. तिनं सगळे आकडे उजव्याच अर्ध्या भागात कोंबले. मेंदूच्या एका बाजूला सूज आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. तपासणीला लागला तो कागद आणि पेन्सिल.

पण प्रत्येक मुलाला हाच आजार असतो असं नाही. आणखी दोन आजार आपल्या घरांनी जरूर ओळखून असावेत. पहिला विल्सनचा आजार. यात शरीरातलं तांबं बाहेर पडत नाही, यकृतात आणि मेंदूत साचतं. शहाणं मूल चिडचिडं होतं, अक्षर बिघडतं, लाळ गळते, हात थरथरतो, कधी आधी कावीळ झालेली असते. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो, म्हणून जवळच्या नात्यातल्या लग्नांत तो जास्त दिसतो. चुलत-मावस भावंडांची लग्नं आपल्याकडे होतात, तेव्हा ही गोष्ट लाजेची नाही, माहितीची आहे. डोळ्याच्या बुबुळाभोवतीचं तपकिरी-हिरवं कडं, रक्त आणि चोवीस तासांची लघवी यांवरून तो कळतो. गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, पण वेळेत सुरू केल्या तर मूल वाचतं. एका मुलाला निघाला तर बाकीच्या भावंडांचीही तपासणी करावी.

दुसरा आजार सांगताना जड जातं. लहानपणी, विशेषतः दोन वर्षांच्या आत गोवर होऊन गेलेल्या काही थोड्या मुलांच्या मेंदूत तो विषाणू लपून राहतो आणि बहुधा सहा-आठ वर्षांनी उठतो. मूल अभ्यासात मागं पडतं, वागणं बदलतं, मग अंगाला अचानक हिसके बसू लागतात. एसएसपीई म्हणतात त्याला. त्याला पूर्ण बरं करणारं औषध आज नाही. नववा महिना पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मिळणारी गोवर-रुबेलाची लस हाच बचाव. २०२२ च्या शेवटी मुंबईतल्या गोवंडीत आणि मालेगावात गोवर पसरला, तेव्हा आपल्याच वस्त्या त्यात होत्या. लसीबद्दल कानात कुजबुजणाऱ्यांनी हे मूल एकदा बघावं, एवढंच म्हणते.

आणि तपासण्या सगळ्या चांगल्या निघाल्या, आजार ‘नुसता’ मनाचा निघाला, तर? तर तोही आजारच. भास होणं, टोकाची उदासी, हात धुत राहणं हे मुलांनाही होतं, आणि त्यावर औषधं आहेत. पाणी तपासून मेंदूची सूज सापडली की घरच्यांना हायसं वाटतं, मानसिक म्हटलं की मान खाली जाते. हा फरक मला कधी पटला नाही.

आता नांदुऱ्याहून जायचं कुठं? जिल्हा सामान्य रुग्णालय बुलढाण्याला, मोताळ्यावरून राजूर घाट चढून. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे लोक तिथं भेटतात. बुलढाण्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं, ते अजून बाळसं धरतं आहे. त्यामुळे ताप, झटके, बेशुद्धी यांची जोड असेल तर मी गाडी पकडून अकोल्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जा म्हणेन. रेल्वेनं साधारण साठ किलोमीटर. नागपूर तीनशेच्या वर, पण तिथं मेडिकल आहे, एम्स आहे आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. रात्री-अपरात्री काय करावं कळत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. झटका थांबत नसेल तर मात्र फोनवर बोलत बसू नका, १०८ ची गाडी बोलवा.

कायदा आपल्या बाजूनं किती आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला भरती करायचं तर मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालक किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाला पूर्ण वेळ सोबत राहावं लागतं. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबत बाईमाणूस असावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला सरकारी सेवा मोफत. आणि कोणत्याही मनोरुग्णाला, कुठंही, कसंही साखळीनं बांधणं याच कायद्यानं बंद केलं आहे. हे कलम कशातून आलं ते विसरू नये. तामिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली आणि साखळीनं बांधलेले २८ रुग्ण त्यात गेले. त्यांना तिथं त्यांच्या घरच्यांनीच सोडलं होतं.

दुआ सोडा असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. आजारावर इलाज करा, ही ताकीद हदीसमध्ये आहेच. कैरोच्या सुलतान कलावूननं १२८४ मध्ये बांधलेल्या दवाखान्यात मनोरुग्णांसाठी वेगळी जागा होती. तेव्हा ‘दवाखाना की दीन’ असा वाद आपल्या पूर्वजांनी घातला नव्हता. गुजरातेत मेहसाण्याजवळ उनाव्याला मीरा दातार दर्ग्यावर तर मुजावरांनीच रुग्णाला दर्ग्यातल्या डॉक्टरांकडे पाठवायची ‘दवा-दुआ’ नावाची व्यवस्था उभी राहिली. सैलानीतही असा एक डॉक्टर बसवा, ही मागणी आपण जिल्ह्यातल्या लोकांनी एकत्र येऊन का करू नये? ते म्हातारे गृहस्थ काही रोज प्रत्येकाच्या बाजूच्या खोलीत नसणार.

पुन्हा त्या मुलाकडे येते. सात आठवडे दवाखान्यात होता. पहिला शब्द ‘पाणी’ म्हणाला तेव्हा आई जवळ नव्हती, औषधांच्या रांगेत उभी होती. तिला त्याची अजून चुटपूट आहे. वर्ष बुडालं. आता सहावीऐवजी पाचवीत आहे, पाढे विसरतो, चिडला की वही भिरकावतो. उसने पैसे अजून फिटतात आहेत. सासू आजही म्हणते, सैलानीला तीन दिवस राहिलो त्याची बरकत. ही काही बोलत नाही.

निघताना तिनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “आपा, धाकटीची गोवराची दुसरी सुई राहिली आहे. दीड वर्षाची झाली. देऊ का?” मी म्हटलं, उद्याच दे. दुसऱ्या दिवशी लसीकरणाचा दिवस नव्हता. आशाताईला फोन करून आम्ही पुढच्या फेरीत तिचं नाव लिहून घेतलं.