परसांतील मधमाश्या व आपली घाई

गेल्या फाल्गुनांत एके दिवशीं सकाळीं दहाच्या सुमारास आमच्या परसांतील शेवग्यावर मधमाश्यांचा एक मोठा थवा उतरला. प्रथम भोवरा फिरावा तसा त्यांचा काळसर घेर अंगणावर फिरत होता, आणि नाद असा कीं स्वयंपाकघरांतील बोलणें ओटीवर ऐकूं येईना. मग हळूहळू तो सारा घेर एका फांदीस बिलगला व मोठ्या पपईएवढा घड होऊन स्वस्थ लोंबूं लागला. अर्ध्या तासांत आळींतील सात-आठ मंडळी कुंपणापाशीं जमली. एकानें बांबू आणला, दुसऱ्यानें घासलेटाची बाटली. आणि "मास्तर, दिवस मावळूं द्या, एका पलित्यांत काम होतें," असें सर्वांनीं एकमुखानें सांगितलें. मीं नको म्हटलें. त्यावरून जो वाद झाला तो अद्यापि पुरता मिटलेला नाहीं, म्हणून माझी बाजू येथें मांडतों. विद्यार्थी हा अंक घरीं नेतात व वडील मंडळी तो वाचते, हें ठाऊक असल्यामुळेंच ही जागा मीं निवडली आहे.

माझें म्हणणें असें: मधमाश्या दिसतांच पहिलें काम पलिता पेटविण्याचें नव्हे, तर दुरून उभें राहून नीट पाहण्याचें आहे. आलेली माशी कोणत्या जातीची, आणि ती वाटसरू आहे कीं बिऱ्हाड थाटून राहिलेली, ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळण्यापूर्वींच जो हात उचलतो तो संकट टाळीत नाहीं, ओढवून घेतो.

'मोहोळ' ह्या एका शब्दांत आपण निरनिराळ्या जाती कोंबून टाकतों. उंच वृक्षाच्या फांदीखालीं, कड्याच्या कपारींत किंवा मोठ्या इमारतीच्या छज्ज्याखालीं जें एकच रुंद पोळें उघड्यावर लोंबतें, तें आग्या माशीचें. ही अंगानें सर्वांत मोठी व स्वभावानें सर्वांत तापट. तिच्याशीं थट्टा नाहीं. झुडपांत तळहाताएवढें इवलेंसें पोळें दिसतें तें फुलोरीचें. सातेरी मात्र अंधाराची आवड असलेली. झाडाच्या ढोलींत किंवा भिंतीच्या पोकळींत ती एकाशेजारीं एक अशीं अनेक पोळीं बांधते, आणि म्हणूनच ती पेटींत नांदते. अशा सातेरीचा घड उघड्या फांदीवर दिसला व त्यांत मेणाचें पोळें नसलें, तर तो वाटसरू थवा होय असें बहुधा समजण्यास हरकत नाहीं. आमच्या शेवग्यावर होता तो हाच.

हा थवा येतो कोठून? फुलांचा हंगाम चांगला असला आणि घरांत दाटी झाली म्हणजे जुनी राणी पुष्कळशा कामकरी माश्या बरोबर घेऊन बाहेर पडते, व भरलेलें घर मुलीच्या स्वाधीन होतें. (आपल्या वाटण्यांत वडील माणसांनीं घर सोडून दिल्याचें मीं तरी क्वचितच ऐकलें आहे.) निघतांना माश्या पोटभर मध घेऊन निघतात. त्यांना राखावयास ना घर, ना पिलें, ना सांठा. म्हणून छेडल्यावांचून त्या सहसा दंश करीत नाहींत. कांहीं तास, फार तर एक-दोन दिवस, त्यांचा मुक्काम असतो.

तेवढ्या वेळांत त्या घडांत जें चालतें तें ऐकून आमचे पलितेवाले मित्रहि क्षणभर गप्प झाले होते. शोधक माश्या चोहोंकडे जाऊन जागा पाहून येतात आणि घडावर नाचून तिची दिशा व अंतर कळवितात. ही नाचाची भाषा कार्ल फॉन फ्रिश ह्यांनीं उलगडली, इ. स. १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर ह्यांनीं १९४९ मध्यें म्युनिक येथें एका थव्यावर नाचणाऱ्या माश्या पाहिल्या, तों कोणी काजळीनें काळ्या, तर कोणी विटांच्या भुकटीनें तांबड्या झालेल्या! महायुद्धांत उद्ध्वस्त झालेल्या त्या शहराच्या धुराड्यांत आणि ढिगाऱ्यांत त्या घर शोधून आल्या होत्या. पुढें अमेरिकेंत टॉमस सीली ह्यांनीं दाखविलें कीं, आरंभीं अनेक जागांचे पुरस्कर्ते असतात, चांगल्या जागेचा पक्ष हळूहळू वाढतो, आणि पुरेशा माश्या तेथें जमल्या म्हणजे सारा थवा निघतो. राणीचा हुकूम त्यांत चालत नाहीं. हे प्रयोग युरोपांतील माशीवर झालेले आहेत. परंतु नाचून जागा सांगण्याची रीत आपल्या सातेरीचीहि आहे.

आतां एक गोष्ट सांगतों, ती सांगावयास मला संकोच वाटतो. मी बारा वर्षांचा असतांना आजोळीं गोठ्याजवळच्या चिंचेवर आग्या मोहोळ बसलें होतें. वडील मंडळींनीं तें जाळावयाचें ठरविलें, आणि पलिता पेटवून वर देण्याचा मान हट्टानें मीं मिळविला. दिवस पुरता मावळलाहि नव्हता. जळत्या माश्या पावसासारख्या खालीं पडल्या, उरलेल्या उधळल्या. दंश झाला म्हणजे पिकल्या केळ्यासारखा एक वास सुटतो आणि त्या वासावर इतर माश्या धांवून येतात, हें तेव्हां कोणास ठाऊक होतें? आम्ही दारें लावून घेतलीं. दाव्याला बांधलेली कालवड कोठें जाणार? तिचें ओरडणें आम्हीं आंतून ऐकलें. ती त्याच रात्रीं गेली. मध मिळाला तो तांब्याभर, राखेनें आणि जळक्या पिलांनीं काळा झालेला. आजीनें तो कोणालाहि चाटूं दिला नाहीं.

"उद्यां पोराला चावल्या म्हणजे?" असें कुंपणापलीकडून मला विचारण्यांत आलें. प्रश्न रास्त आहे. कित्येकांना एकाच दंशानें अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, धाप लागते. अशा माणसास क्षणाचाहि विलंब न लावतां दवाखान्यांत नेलें पाहिजे. अंगांत रुतलेला कांटा नखानें ताबडतोब काढावा; कसा काढावा ह्याच्या विचारांत वेळ घालवूं नये. आग्या मोहोळ शाळेच्या जिन्यावर बसलें तर तें राहूं द्या असें मीहि म्हणणार नाहीं. मात्र तें जाणत्या माणसानें, जाळीचा बुरखा व जाड कपडे घालून काढावें, व तोंपर्यंत वाट बंद ठेवावी; खालीं धूर, फटाके, दगड ह्यांचें नांव नको. तेंच मोहोळ दूरच्या वडावर असेल, तर हंगाम सरतांच आग्या माश्या आपण होऊन स्थलांतर करतात. विषारी औषधाची फवारणी तर मला पलित्याहून वाईट वाटते. त्यानें माश्या मरतात, आणि विषानें बिघडलेलें पोळें मागें राहतें तें निराळेंच. सातेरीचा थवा तर पेटी बाळगणारा आनंदानें घेऊन जातो. महाबळेश्वरास राज्याच्या खादी मंडळाचें मधुसंचालनालय हेंच काम शिकवितें, आणि तेथून जवळचें मांघर २०२२ मध्यें 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें तें ह्याच लहानशा माशीच्या जिवावर. ज्या वस्तूची पेटी भरून लोक संसार चालवितात, ती आपण बाटलीभर घासलेट खर्चून जाळतों!

त्या दिवशीं मीं परसाचें दार लावून घेतलें, शेळी पुढल्या अंगणांत बांधली आणि मुलांना खिडकींतून पाहावयास बसविलें. ओळखीचा एक पेटीवाला दुसऱ्या दिवशीं दुपारीं येणार होता. तो येण्यापूर्वींच, अकराच्या सुमारास, घडाचा नाद एकाएकीं वाढला, तो वरून सुटत गेला आणि पाहतां पाहतां सारा थवा ओढ्यापलीकडच्या आमराईकडे निघून गेला. फांदीच्या सालीवर मेणाचे तीन-चार पांढरे ठिपके तेवढे राहिले. घासलेटाची बाटली अद्यापि आमच्या ओटीवर आहे. तिचे मालक ती मागावयास आलेले नाहींत.