नापास कोण : मूल की शाळा? (थ्रेड)

१/ ३ डिसेंबर २०२० रोजी माढा तालुक्यातील परितेवाडीचे नाव जगभर पोहोचले. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याचे त्यांचे काम कोणत्याही गुणपत्रिकेत मावणारे नव्हते.

२/ तरीही शाळेची गुणवत्ता म्हणजे मुलांचा निकाल, हा समज राज्यकर्त्यांच्या मनातून जात नाही. तो दीडशे वर्षांहून जुना आहे.

३/ १८६२ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट लो यांच्या नियमावलीने शाळेचे अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, अंकगणित यांच्या परीक्षेला बांधले. घोकंपट्टी वाढली, इतर विषय मागे पडले. शतक संपण्यापूर्वी इंग्लंडने ही पद्धत सोडली.

४/ मुंबई इलाख्यातही ती आली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी ठामपणे सांगितले की, गरीब वर्गांत शिक्षणाची गोडी अद्याप निर्माण झालेली नसताना निकालावर पैसे देण्याची पद्धत तेथे उपयोगाची नाही. त्यासाठी सरकारी शाळाच हव्यात.

५/ म्हणजे फुल्यांना तपासणी नको होती काय? मुळीच नाही. वर्षातून एकदा येणारा डेप्युटी इन्स्पेक्टर त्यांना अपुरा वाटे. तपासणी निदान दर तिमाहीस व्हावी, शिवाय पूर्वसूचना न देताही व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. जाब शाळेला विचारायचा होता, मुलाला नव्हे.

६/ २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. व्यवहारात आकारिक आणि संकलित नोंदींचे तक्ते भरणे हेच मूल्यमापन ठरू लागले. वाचता न येणारे मूल पुढे ढकलले जाते, हा आक्षेप खराच आहे.

७/ पण त्यावर उपाय कोणता निघाला? २०१९ ची कायदादुरुस्ती आणि तिच्या आधारे २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीस लावलेली वार्षिक परीक्षा. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेले मूल त्याच वर्गात राहते. शिक्षकाचे पद रिक्त असो वा एकाच शिक्षकाकडे दोन वर्ग असोत, वर्ष वाया जाते ते मुलाचेच.

८/ माढ्यातील पाचवीच्या एकाही मुलाला मागे ठेवण्यापूर्वी शिक्षण खात्याने तीन गोष्टी जाहीर कराव्यात : त्या वर्गाला शिक्षक किती दिवस मिळाला, शाळेची तपासणी किती वेळा झाली आणि मागे पडलेल्या मुलाला जादा शिकवणी कोणी दिली. फुल्यांनी १८८२ मध्ये मागितलेला हिशेब याहून वेगळा नव्हता.