रुबाब मागच्या चाकांवर

बीड जिल्ह्यात खरीखुरी स्पोर्ट्स कार क्वचितच दिसते. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी, उघड्या टपाची गाडी तयार होऊ लागली होती. तिची आठवणही आता गाडीवेड्यांपुरतीच उरली आहे. पण स्पोर्ट्स कारची हौस इकडेही आहे. हौसेने स्प्रिंगा कापून खाली बसवलेली सेडान, रुंद अलॉय, दोन गल्ल्यांपलीकडून ओळखू येणारा सायलेन्सर. लग्न झालं, शेतीचा कारभार अंगावर आला की ही गाडी काढून बारमाही चालेल अशी उंच गाडी घ्यायचा विचार घराघरांत सुरू होतो. हा सौदा शहाणपणाचा आहे, असं माझं मत आहे. अडचण एवढीच, की बहुतेक जण तो अर्धाच करतात. गाडीची उंची वाढते, बॉनेट मोठं होतं, हप्ता तर वाढतोच. जोर मात्र पूर्वीसारखाच दोन चाकांना मिळतो.

हा फरक का महत्त्वाचा, ते पावसाळ्यात गेवराई किंवा माजलगाव तालुक्यात डांबरी सोडून शिवारात उतरलं की कळतं. गंगथडीची, म्हणजे गोदाकाठची, जमीन खोल, काळी, पाणी धरून ठेवणारी. ही माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. पहिल्या पन्नास पावलांतच टायरच्या खाचा तिने भरून जातात, मग टायरला नक्षी उरतच नाही, लाटण्यासारखा तो नुसता जागच्या जागी फिरतो. पुढे चिखल मडगार्डच्या आत थापला जातो आणि चाक फिरायलाही कुरकुरतं. उतरून काठीने किंवा खुरप्याने खरवडल्याशिवाय सुटका नाही. जोर फक्त मागच्या दोन चाकांना असेल तर तीच दोन चाकं स्वतःसाठी खड्डा खणतात. चारही चाकांना जोर असेल तर तोच भार वाटला जातो, पुढची चाकं ओढतात आणि गाडी रुतायच्या आत निघून जाण्याची शक्यता वाढते. परदेशात लोक बर्फासाठी स्पोर्ट्स कार विकून अशी गाडी घेतात. आपल्याकडे ते काम चिखल करतो.

आता शोरूममध्ये काय चालतं ते पाहा. जिल्ह्यात ज्या गाड्यांना मान आहे, त्यांतली बोलेरो आज मागच्या चाकांवर चालते, स्कॉर्पिओ क्लासिकही मागच्याच. थार म्हटलं की डोंगर चढणारी जीप डोळ्यांसमोर येते, पण जानेवारी २०२३ पासून तीही मागच्या चाकांची, दीड लिटर डिझेल इंजिनात मिळू लागली आणि त्या वेळी ९ लाख ९९ हजारांपासून सुरू झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले, त्यांनी तर दोन चाकांना जोर असलेली गाडी आणि चारही चाकांना जोर असलेली गाडी यांच्यातली कराची दरी कायमच करून टाकली. चार मीटरच्या आतली, दीड लिटरपर्यंतच्या डिझेल किंवा बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची गाडी १८ टक्क्यांत. त्यावरची सगळी ४० टक्क्यांत. मागच्या चाकांची छोटी डिझेल थार १८ टक्क्यांत बसते. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर असलेल्या थारला मोठं इंजिन, म्हणून ती ४० टक्क्यांत. मारुतीची जिमनी चार मीटरच्या आत आहे, चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा तिच्या प्रत्येक मॉडेलमध्ये येते, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून तीही ४० टक्क्यांत. म्हणजे ज्या शेतकऱ्याला खरोखर चार चाकांची ओढ हवी, तो चैनीचा कर भरतो आणि नुसत्या रुबाबावर सवलत मिळते. कर आकारणारे इंजिन आणि लांबी मोजतात. गाडी कुठे चालणार, याचं त्यांना देणंघेणं नाही.

यावर पहिली हरकत अशी, की बोलेरोने पंचवीस वर्षं काम भागवलं, आता काय बिघडलं? हरकत निम्मी बरोबर आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासारचा बालाघाटचा माथा मुरमाड आहे. पाऊस थांबला की रस्ता लवकर निचरतो. तिथे चांगल्या टायरची, मागच्या चाकांची गाडी पुरेशी आहे. फोर बाय फोरवर जादा पैसे घालणं आणि अॅव्हरेज घालवणं हा नाहक खर्च ठरेल. दुसरी हरकत, की आपला जिल्हा दुष्काळी, चिखलाचे दिवस किती? पण चिखल फक्त पावसाचा नसतो. पैठणचा उजवा कालवा गेवराईतून माजलगावच्या धरणापर्यंत येतो, त्याच्या पाण्यावर ऊस आहे, आणि ऊसतोडीच्या दिवसांत ओल्या फडातून ट्रॅक्टर-ट्रॉल्या निघाल्या की पाणंदीचा राडा होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा आणि गोदावरीच्या पुराने काय केलं, ते तर आठवतच असेल.

तिसरी हरकत मला सर्वांत वजनदार वाटते: फोर बाय फोरने माणूस नको तितका धीट होतो. खरं आहे. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर चारही चाकांचा जोर कामाचा नाही, कारण दोनेक फूट वाहत्या पाण्यात मोठी गाडीही तरंगू लागते आणि तरंगणाऱ्या चाकाला पकड कसली? ब्रेकचंही तेच. धारूरच्या किंवा मांजरसुंब्याच्या घाटात ओल्या उतारावर गाडी थांबते ती टायर आणि ब्रेकवर, ओढीवर नाही. शिवाय थार किंवा जिमनीतला फोर हायचा दांडा कोरड्या डांबरीवर टाकून चालवायचा नसतो. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये डिफरन्शियल नसल्याने ताण गिअरबॉक्सवर येतो. रोज डांबरीवर आणि अधूनमधून शेतात, असा वापर असेल तर संगणकाने आपोआप जोर वाटणारी ऑल व्हील ड्राइव्ह अधिक सोयीची. खोल चिखलासाठी मात्र लो गिअर असलेलीच हवी. हे विकणाऱ्याने सांगायला हवं. तो सनरूफ दाखवतो.

रस्तेच करा ना, मग गाडीचा प्रश्न उरणार नाही, असं म्हणणारेही आहेत. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, अशी कामं वेगाने व्हावीत, यात वाद नाही. पण बांधावरचं भांडण मिटून मुरूम पडेपर्यंत वस्तीवरच्या बाळंतिणीला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं थांबत नाही. रस्त्यासाठी पाठपुरावा करावा आणि तोवर घरात चालणारी गाडीही असावी.

म्हणून जुनी खाली बसवलेली गाडी जरूर काढा. नवीन घेताना चारही चाकांना जोर आहे का, लो गिअर आहे का, मागचं डिफरन्शियल लॉक होतं का, एवढं विचारा. चारही चाकांना जोर असलेली गाडी परवडत नसेल तर साध्या मॉडेलवर समाधान माना आणि उरलेल्या पैशांत हायवेचे टायर बदलून खोल खाचांचे ऑल टेरेन टायर टाका. काळ्या मातीत गुळगुळीत टायरची फोर बाय फोरही शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनेच निघते.