गणितात सांगली कुठे?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी मागे टाकून ५७ फुटांच्याही वर मजल मारली. तेव्हापासून दर पावसाळ्यात कृष्णेच्या उपनदीवरील कोयना धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, यावर वाद पेटतो आणि त्यावर संगणकीय प्रारूपाचा उपाय सुचवला जातो. प्रारूप जरूर हवे. पण ते कोणासाठी सोडवायचे, हे आधी ठरायला हवे.

१०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या कोयनेकडे तिघांची मागणी आहे. पश्चिमेला वळवून वीज करायला पाणी हवे. कृष्णा लवादाने त्याला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पूर्वेकडे शेती आणि गावांची तहान आहे. या दोघांना धरण भरलेले हवे, तर पूरग्रस्ताला त्यात मोकळी जागा हवी. रेषीय किंवा गतिक प्रोग्रॅमिंगसारख्या गणिती पद्धती या तिन्हींचा मेळ चोख घालतात. मात्र ऑक्टोबरात एक टीएमसी कमी पडणे आणि सांगलीत एक फूट पाणी चढणे, यांत कशाला किती भार द्यायचा, हे गणित सांगत नाही. ते माणसाने लिहून द्यावे लागते. आज तो आकडा जाहीरपणे कोणी मांडत नाही, आणि आमचा खरा आक्षेप इथे आहे.

धरणात एक टीएमसी जागा चोवीस तासांत करायची, तर येव्याव्यतिरिक्त सुमारे साडेअकरा हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) अखंड सोडावे लागतात. उघडिपीत नदी ते पोटात घेते. हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा तुडुंब असताना तेच पाणी घरांत शिरते. म्हणजे निर्णय पावसाच्या अंदाजावर, काही दिवस आधीच घ्यायला हवा. अंदाज चुकला आणि धरण भरले नाही, तर पाणी सोडणाऱ्या अभियंत्याला जाब विचारला जातो. वाट पाहणाऱ्याच्या पाठीशी धरण कधी किती भरायचे हे सांगणारी मंजूर परिचालन सूची उभी असते. मग तो वाट पाहतो. यात त्याचा दोष नाही.

म्हणून जलसंपदा विभागाने १ जूनपूर्वी हे भार आणि आगाऊ विसर्गाचा नियम मराठीत प्रसिद्ध करावा, सांगली-कोल्हापुरात त्यावर सुनावणी घ्यावी आणि नियमाप्रमाणे पाणी सोडणाऱ्या अधिकाऱ्याला, अंदाज चुकला तरी, लेखी संरक्षण द्यावे.