नळ नसलेल्याची पाणीपट्टी

एप्रिल 2025 मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने घरगुती पाणीपट्टी वाढवली. 2014 पासून दर तेच होते. मधल्या काळात काँग्रेस, आघाडी, भाजप अशा सगळ्यांची सरकारं झाली, पण या दराला हात लावायची हिंमत कुणी केली नाही. वाढ होताच विरोधातल्या भाजपने सामान्य माणसाच्या नावाने ओरड सुरू केली.

मी बेळ्ळंदूरमध्ये राहतो. हा सामान्य माणूस नेमका कोण, ते इथे हिशेब मांडला की कळतं.

स्वतंत्र घरगुती जोडणीला पहिल्या 8,000 लिटरपर्यंत हजार लिटरचा दर 7 रुपये होता, तो साडेआठ झाला. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 12 रुपयांची वाढ. 50,000 लिटरच्या वर वापरणाऱ्याचा दर 45 वरून 55 वर गेला. आता टँकर बघा. मार्च 2024 च्या टंचाईत जिल्हा प्रशासनाने ठरवलेला कमाल दर पाच किलोमीटरच्या आत 12,000 लिटरला 1,000 रुपये होता. म्हणजे हजार लिटरला सुमारे 83. बंगल्याची बाग भिजवणाऱ्याचा सगळ्यांत महाग दरसुद्धा टँकरपेक्षा स्वस्तच.

ज्याच्या घरी मीटर आहे, त्याच्यासाठी पक्ष भांडतात. ज्याच्या घरी नळच नाही, तो कित्येक वर्षं दसपट पाणीपट्टी भरतोय आणि त्याची पावतीही कुणी देत नाही.

बेळ्ळंदूरसारखी 110 गावं 2007 मध्ये महापालिकेत आली. त्यांच्यासाठीचा कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला ऑक्टोबर 2024 मध्ये. पण जलवाहिनी दारावरून गेली म्हणून नळ मिळत नाही. जोडणीला मालकीचे कागद लागतात. पत्र्याच्या शेडमध्ये भाड्याने राहणाऱ्या सफाई कामगाराने, घरकाम करणाऱ्या बाईने ते आणायचे कुठून? जानेवारी 2020 मध्ये इथल्याच करियम्मना अग्रहारात मजुरांना बांगलादेशी म्हणत त्यांच्या झोपड्या पाडल्या गेल्या. त्यात उत्तर कर्नाटकातून आलेले लोकही होते. ज्याला देशाचा नागरिक मानायलाच खळखळ होते, त्याला पाण्याचा ग्राहक कोण मानणार?

महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना तिथे जाऊन पाणी प्यावं लागलं. हक्क कागदावर असणं आणि पाणी ओंजळीत येणं यातलं अंतर आपल्याइतकं कुणाला माहीत आहे?

म्हणून सरसकट दरवाढविरोध ही आपली भूमिका असू शकत नाही. आपली मागणी वेगळी हवी: मालकीचे कागद न मागता प्रत्येक वस्तीत नळ, गरजेपुरतं पाणी मोफत, आणि त्याचा खर्च जास्त वापरणाऱ्यांकडून. कावेरीचं पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून उपसून आणावं लागतं, त्याची वीज कुणीतरी भरणारच. ती कुणी भरायची, हा खरा राजकीय प्रश्न आहे.

आपल्यातले अनेक जण शिकून आता या शहरांत मीटरवाले झाले आहेत. सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या दराचा विषय निघेल, तेव्हा आपल्याच घरी भांडी घासणाऱ्या बाईंच्या वस्तीत नळ आहे का, हे आधी विचारा. आंबेडकरी माणसाने तिथे एवढं तरी बोललंच पाहिजे.