पान माझं, नाव कुणाचं?

परवा दुपारी आमच्या बचत गटातली एक जण दारात येऊन बसली. चहा नको म्हणाली, तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय. हिच्या हातच्या कुरडया आणि शेवया आमच्या भागात नावाजलेल्या. तीन वर्षांपूर्वी पुतण्याने हौसेनं मोबाइलवर तिच्या मालाचं पान उघडून दिलं. फोटो टाकले, भाव लिहिले. पुण्या-सोलापुराकडून ऑर्डरी यायला लागल्या. आता घर वेगळं झालं, आणि वाटणीत ते पान पुतण्याकडे गेलं. गेलं म्हणजे काय, ते त्याचंच होतं! नाव त्याचं, नंबर त्याचा, पासवर्ड त्याचा. आता तिथं दुसऱ्याच कुणाच्या कुरडया विकल्या जातात. फोटोतले हात मात्र अजून हिचेच आहेत.

"वहिनी, हात माझे आन् पान त्याचं, असं कसं हो?" तिनं विचारलं. मला पटकन उत्तर देता आलं नाही. पण वीस वर्षांपूर्वीचं माझं स्वतःचं पान मात्र लख्ख आठवलं.

हो मैत्रिणींनो, मीसुद्धा इंटरनेटवर घर बांधलं होतं! साल २००४. बी.ए. होऊन, लग्न होऊन अंथुर्ण्यात आले होते, पदरात लहान मूल होतं. एमएस-सीआयटीचा कोर्स तेव्हा गावोगाव पोचला होता. मीही नाव घातलं. कोर्स संपला तशी सर म्हणाले, "ताई, फुकट जागा मिळते. स्वतःचं होम पेज करा." होम पेज म्हणजे घराचं पान. शब्दच इतका आवडला की म्हटलं, करायचंच.

तेव्हा अशा फुकट जागा देणाऱ्या बऱ्याच कंपन्या होत्या. त्यांतली सगळ्यांत गाजलेली जिओसिटीज. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली. गंमत म्हणजे तिथं सुरुवातीला पानांच्या चक्क वस्त्या होत्या. घरसंसार, गावाकडच्या गोष्टी लिहिणाऱ्यांची 'हार्टलँड' नावाची आळी वेगळी, सिनेमावाल्यांची वेगळी. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. आमच्याकडे ते पोचायला वेळ लागला. बारामतीच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसायचं, आणि फोनची लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून!

पान करायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न आला भाषेचा. इंग्रजीत लिहिणं सोपं होतं. पण मी सांगणार काय, तर अंथुर्ण्याला तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम असतो, बेलवाडीचं रिंगण आटोपून वारकरी येतात, बायका दारात रांगोळ्या घालतात. हे इंग्रजीत लिहायचं म्हणजे पिठलं-भाकरी काट्या-चमच्यानं खाण्यासारखं. मराठीत लिहावं, तर वेगळीच पंचाईत. तेव्हाच्या मराठी फाँटची एक खोड होती. कॉम्प्युटरला आपण इंग्रजी अक्षरंच देत होतो, फाँट फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटे चढवायचा. आणि प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा! पाहणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर तोच फाँट नसेल, तर 'पालखी'च्या जागी नुसता कचरा दिसायचा. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच जागा मिळाली होती. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी या आपल्या मराठी सुलेखनकारानं घडवलेला 'मंगल' फाँटही आला होता. पण कॅफेतली मशीन जुनी, विंडोज ९८ वर चालणारी. तिथं कसलं मंगल आणि कसलं काय!

शेवटी मार्ग काढला. लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडून मजकूर मराठीत टाइप करून घेतला आणि त्याचं चित्रच करून पानावर लावलं. चित्राला फाँट लागत नाही. पण चित्र जड असतं. तेव्हाचा मोडेम छप्पन्न केबीपीएसचा. शंभर केबीचं चित्र उतरायला अगदी आदर्श परिस्थितीतही चौदा-पंधरा सेकंद, आणि आमच्याकडे आदर्श काही नव्हतंच. म्हणून मजकूर कापत गेले. चार परिच्छेदांचा एक केला. बाजारला जाताना पिशवी एकच न्यायची असेल तर काय घ्यायचं नि काय ठेवायचं हे बाईला बरोबर कळतं. तसंच ते झालं.

दुसरा वाद रंगांचा. डीटीपीवाल्याला कोपऱ्यात गणपती, कडेनं नक्षी आणि 'सहर्ष स्वागत' हवं होतं. सरांना सरकणारी अक्षरं हवी होती, उघडझाप करणारे तारे हवे होते. त्या काळी तशीच फॅशन होती म्हणा! मी दोघांचं ऐकून घेतलं आणि सासूबाईंची रांगोळी आठवली. त्या ठिपके घालताना मध्ये मोकळी जागा सोडायच्या. म्हणायच्या, "समदं भरलं की नजर कुठं टेकायची गं?" मी पान पांढरं ठेवलं. मजकूर काळा, वरती कुंकवाच्या रंगाची एकच रेघ. पुढे वाचनात आलं की टिम बर्नर्स-ली यांनी जगातलं जे पहिलं वेब पान केलं, त्यावर एकही चित्र नव्हतं, नुसता मजकूर होता. म्हटलं, चला, आमच्या सासूबाई काही फार चुकल्या नव्हत्या!

तिसरा प्रश्न फोटोचा. घरात दबक्या आवाजात चर्चा झाली. बाईमाणसाचा फोटो सगळ्या जगाला दिसणार, कुणी काही केलं तर? मी माझा फोटो लावला नाही. दारातल्या रांगोळीचा लावला. फोन नंबरही दिला नाही. तेव्हा वाटलं, शहाणपणा केला. आज मागं वळून बघताना वाटतं, नंबर न देणं हे शहाणपण होतं. चेहरा लपवणं ही मात्र निव्वळ भीती होती. दोन्हींतला फरक तेव्हा कळला नाही.

आणि सगळ्यांत शेवटी नाव. डीटीपीवाल्यानं मला न विचारताच टाइप केलं होतं, 'सौ.' आणि पुढं मिस्टरांचं नाव, आडनाव. माझं नाव मधे कुठंतरी चिमटीत धरल्यासारखं. मला त्यात वावगं वाटलं नाही, खरंच सांगते. सवयच तशी. पण पानाची छापील प्रत घरी आणली, सगळ्यांना वाचून दाखवली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "रांगोळी माजी हाय न्हवं? मग माजं नाव कुठं हाय त्यात?"

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कॉम्प्युटर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण प्रश्न त्यांनाच पडला, पदवी घेतलेल्या मला नाही. दुसऱ्या दिवशी एसटीनं बारामती गाठली आणि रांगोळीच्या खाली त्यांचं नाव घातलं. सौ. नाही, सासऱ्यांचं नाव नाही, नुसतं त्यांचं नाव. ते पाहून त्या काही बोलल्या नाहीत. ती छापील प्रत मात्र देवघरातल्या पोथीत जपून ठेवली.

पानावर एक आकडा असायचा, किती जणांनी पाहिलं ते सांगणारा. माझा आकडा एक्केचाळीसच्या पुढं गेला नाही, आणि त्यातले तीसेक वेळा तर मीच! पुढं ती फुकट जागाच बंद झाली आणि पान गेलं. जिओसिटीजसुद्धा २००९ मध्ये याहूने बंद केली, लाखो लोकांची घरं एका दिवसात उठली. फुकटच्या जागेवर बांधलेलं घर आपलं नसतं, हे तेव्हा कळलं.

आता कुणी म्हणेल, जुनं ते सोनं म्हणून ही बाई गळा काढतेय. अजिबात नाही. आमच्या गटातल्या मुली मोबाइलवर दोन मिनिटांत पान उघडतात, मराठीत झरझर लिहितात आणि हजारो लोकांपर्यंत पोचतात. माझ्या एक्केचाळिसाची काय पत्रास! पण एक गोष्ट हरवली. तेव्हा काही तयार मिळत नव्हतं, म्हणून भाषा कुठली, रंग कुठला, चेहरा दाखवायचा का, नाव कुणाचं, हे प्रत्येक वेळी थांबून ठरवावं लागायचं. आता चौकट तयार असते. फोटो गोल, खाली दोन ओळी. आणि उरलेलं, म्हणजे नाव, नंबर, पासवर्ड, घरातला मुलगा नाहीतर पुतण्या 'तुला काय कळतंय' म्हणत भरून टाकतो. आपणही 'भर बाबा' म्हणतो. फसवणूक होते ती तिथंच, आणि बहुतेक वेळा कुणी मुद्दाम करतही नाही.

कागदावर नाव असण्याचं महत्त्व आपल्याला नवीन आहे का? २००३ मध्ये शासनानं 'घर दोघांचे' म्हणत ग्रामपंचायतीच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायला घेतलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. दगड-विटांच्या घरावर नाव लागावं म्हणून बायका इतकी वर्षं झगडल्या. मग ज्या पानावर आज आपली कमाई चालते, त्या पानावर परक्याचं नाव का चालवून घ्यायचं? पुतण्या परका नाही, मान्य. पण दीरही परका नसतो. तरी सातबारा आपण वाचून घेतोच ना?

म्हणून मी आमच्या गटात आता एक नियमच केलाय. कुणीही पान उघडायचं, तर आधी वहीत लिहायचं. नाव कुणाचं? नंबर कुणाचा? पासवर्ड कुणाला ठाऊक? फोटो कुणाच्या हातांचे? आणि पान उद्या बंद पडलं तर गिऱ्हाइकांचे नंबर दुसरीकडे उतरवून ठेवलेत का? ही पाच उत्तरं स्वतःच्या हातानं लिहायची. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्यायची आणि मोठ्यानं वाचून घ्यायची. मुलांची मदत जरूर घ्या, पण सही करण्याआधी कागद वाचतो तसं पान वाचा.

त्या कुरडयावालीनं परवा नवं पान उघडलं. सगळी गिऱ्हाइकं परत येतील असं नाही. जुन्या पानावरची अजून तिकडेच जातात. पण नाव स्वतःचं घातलंय, नंबर स्वतःचा. फोटो लावताना तिनं मला विचारलं, "वहिनी, नुसते हात नको ना? तोंडबी दिसू दे की!"

दिसू दे बाई, दिसू दे!